सगळी तूट एकाच्या माथी

पाच भिन्न नैसर्गिक संख्यांची सरासरी २० आहे. त्यांतली सर्वांत मोठी संख्या २६ असेल, तर सर्वांत लहान संख्या कमीत कमी किती असू शकेल?

संध्याकाळच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर लिहिलं की पहिलं मिनिटभर सगळे पेन जोरात चालतात. वीस पंचे शंभर, शंभरातून सव्वीस गेले, उरले चौऱ्याहत्तर. इथवर सगळ्यांचं सारखं. मग कुणी चौऱ्याहत्तरला चाराने भागतं आणि साडेअठरा आल्यावर माझ्याकडे असं बघतं, जणू उदाहरणच चुकीचं छापलंय. कुणी क्ष, य, र, ल मांडून बसतं. समीकरण एक आणि अज्ञात चार, त्यामुळे ती गाडी तिथेच रुतते. मागच्या बाकावर एकदोन भरत्या देऊन आलेली पोरं असतात, ती काहीच लिहीत नाहीत. म्हणतात, ‘मॅडम, ऑप्शन द्या की.’

ऑप्शन मी देत नाही. पर्याय मिळाले की एकेक घालून बघायचा, बसला की गोल काळा करायचा. त्यात गैर काही नाही. पोलीस भरतीच्या लेखीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. तिथे तत्त्वज्ञान करत बसणाऱ्याचं मेरिट जातं. पण वर्गात घाई नसते. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अभ्यासिकेला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत, मी अंकगणित शिकवते. समोर पोलीस भरतीची पोरंपोरी, तलाठी भरतीची वाट बघणारे काही, आणि राज्यसेवेचं नाव घरी सांगून आलेले दोघंतिघं.

सरासरीची साधी उदाहरणं यांना पाढ्यासारखी पाठ आहेत. २४ विद्यार्थ्यांच्या वयाची सरासरी १४ वर्षे, शिक्षकांचं वय मिळवलं की ती एकाने वाढते, तर शिक्षकांचं वय किती? विचारायचा अवकाश, ‘एकोणचाळीस’ असा कोरस येतो. नवी सरासरी पंधरा, म्हणजे शिक्षकांनी स्वतःकडे पंधरा ठेवले आणि चोवीस पोरांना एकेक वर्ष वाटलं. पंधरा आणि चोवीस एकोणचाळीस. (गणिताच्या पुस्तकांत माझ्या पेशाबद्दल इतकं चांगलं दुसरीकडे कुठे काही सापडत नाही.) या उदाहरणाचं उत्तर एकच असतं. त्यात ठरवण्यासारखं काही नसतं, फक्त काढायचं असतं.

‘कमीत कमी किती’ विचारलं की मात्र जमीन हलते. सरासरी वीस म्हणजे एकूण शंभर, एवढंच कळलं. त्या शंभराची वाटणी कशी झालीय हे सरासरीला माहीतच नाही. ती वाटणी आपल्याला करायची आहे, आणि मुद्दाम वाकडी करायची आहे. पोरं अडकतात ती इथे. लहानपणापासून सरासरी म्हणजे समान वाटप असं डोक्यात बसलेलं, आणि आता कुणीतरी सांगतंय की होईल तेवढं असमान वाटा.

मी ते असं मांडते. आधी प्रत्येकाला जितकं जास्तीत जास्त देता येईल तितकं देऊन टाका. सगळ्यांत मोठी संख्या २६. संख्या भिन्न आहेत, म्हणून पुढच्या २५, २४, २३ आणि २२. बेरीज १२०. आपल्याकडे आहेत शंभरच. म्हणजे वीसची तूट आली. ही तूट कुणाकडून वसूल करायची? पाचजणांत वाटली तर चार-चार येतात, तो सरासरीचा स्वभाव. पण प्रश्न एकाला कमीत कमी किती हे विचारतोय. तेव्हा पहिल्या चौघांना हात लावायचा नाही. वीसच्या वीस शेवटच्याच्या माथी. बावीसातून वीस गेले, राहिले दोन.

२, २३, २४, २५, २६. बेरीज शंभर, सरासरी वीस.

फळ्यावर या पाच संख्या एका ओळीत लिहिल्या की वर्ग थोडा वेळ गप्प असतो. औशाकडच्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, ‘मॅडम, म्हणजे एकाला कमीत कमी द्यायचं असलं तर बाकीच्यांचं पोट आधी गच्च भरायचं?’ मी म्हटलं, हो, रीत तीच आहे. तिने वहीत तसंच लिहून घेतलं, ‘गच्च’ या शब्दासकट. त्यानंतर आमच्या वर्गात या प्रकाराला गच्चची उदाहरणं म्हणतात. यूट्यूबवर यालाच ‘मिनिमम व्हॅल्यू की जबरदस्त ट्रिक’ असं काहीबाही नाव असतं. ट्रिक वगैरे काही नाही, नुसता हिशोब आहे.

पुढची पायरी अटींची. तीच पाच संख्यांची वाटणी, फक्त ‘भिन्न’ ही अट काढून टाका. आता चौघांनाही सव्वीस देता येतात. सव्वीस चोक एकशेचार, म्हणजे शेवटच्याला उणे चार! पण संख्या नैसर्गिक आहे म्हटल्यावर एकच्या खाली जाता येत नाही. उत्तर एक. मघाशी भिन्नतेच्या अटीने शेवटच्याला दोनवर तोलून धरलं होतं, आता नैसर्गिक संख्येच्या कुंपणाने एकवर धरलं. ‘पूर्णांक’ म्हटलं असतं तर तो खरंच उणे चारवर गेला असता. संख्येऐवजी गुण म्हटले तर तळ शून्य. पेपर काढणारे या एकेका शब्दात माती कालवतात आणि पोरं नेमकी तिथेच घसरतात, कारण वाचताना त्यांचे डोळे फक्त आकडे वेचतात. मी तासाला आकडे झाकून उदाहरण वाचायला लावते. आधी चेष्टा करतात, मग सवय होते.

गुणांचं उदाहरण घराघरात चालतं म्हणून तेही घेते. सहा विषय, प्रत्येकी शंभर, सरासरी नव्वद. एका विषयात कमीत कमी किती? प्रत्येक विषयात दहा कमी, म्हणजे एकूण तूट साठ. साठही एकाच विषयात टाका, उत्तर चाळीस. नव्वद टक्क्यांच्या पेढ्यांत चाळीसचं गणित किंवा चाळीसचं इंग्रजी लपून बसू शकतं. आणि आपल्या दहावीला तर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे, सहातला सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीत धरतच नाहीत. तिथे पाच विषयांत शंभरपैकी शंभर आणि सहाव्यात काठावरचे पस्तीस असले तरी निकाल शंभर टक्के. म्हणजे ज्याला कमीत कमी मिळालं त्याला हिशोबातूनच उठवलं. ही सवलत पोरांच्या भल्याची आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण सरासरी कुणाकुणाची काढली हे न विचारता तिच्यावर बोलू नये, एवढं तरी त्यातून पोरांना कळतं.

राज्यसेवावाल्यांना ‘कमीत कमी’चा प्रश्न वेगळा छळतो. पूर्वपरीक्षेचा सीसॅटचा, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा, पेपर २०२२ पासून नुसता पात्रतेचा झाला: २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. प्रश्न ८०, प्रत्येकी अडीच गुण, चुकलेल्या उत्तरामागे पाव भाग वजा. तर कमीत कमी किती बरोबर हवेत? सहासष्टला अडीचने भागलं की २६.४, म्हणून २७. ही २७ फक्त त्याची, जो एकही चूक करत नाही. दोन चुकले तरी ६६.२५ वर तरतो, तिसरा चुकला की ६५.६२५ आणि घरी. ऐंशीच्या ऐंशी प्रश्न ठोकून आलेल्याला ३८ बरोबर हवेत. (निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं, ते इथे धरलेलं नाही.) सत्तावीस आणि अडतीस यांच्यातलं अंतर म्हणजे अंदाजपंचे ठोकण्याची किंमत. हे फळ्यावर मांडलं की ती दोघंतिघं चेहरा पाडून बसतात. पोलीस भरतीवाले हसतात, कारण त्यांच्या लेखीला निगेटिव्ह नाही.

मुलांचं मन लागेनासं झालं की मी क्रिकेट काढते. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४ आहे हे क्रिकेटशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही ठाऊक असतं. १४ ऑगस्ट १९४८, ओव्हल. शेवटच्या डावाला जाताना त्याच्या नावावर ६९९६ धावा होत्या आणि तो ६९ वेळा बाद झालेला होता. आता कमीत कमी किती धावा केल्या म्हणजे सरासरी शंभराच्या खाली जाणार नाही? सगळा वर्ग ओरडतो, चार! सत्तर वेळा बाद, सात हजार धावा. मग मी विचारते, आणि नाबाद राहिला असता तर? यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. नाबाद राहिला असता तर भाजक ६९ च राहिला असता, सरासरी १०१.३९. म्हणजे एकही धाव न काढता नुसता उभा राहिला असता तरी शंभराच्या वर. कमीत कमी धावा: शून्य. प्रत्यक्षात तो इंग्लंडच्या हॉलिसच्या चेंडूवर शून्यावर बाद झाला. शून्यावर बाद होणं आणि शून्यावर नाबाद राहणं, दोन्हींत धावा सारख्याच.

इथेही वसुली एकाच डावाकडून झालीय. ती चार धावांची तूट बाद झालेल्या सत्तर डावांत विखुरली तर एकेकाच्या वाट्याला धावेचा सतरावा-अठरावा भाग येतो. आधीच्या कुठल्याही डावात बाद होण्याआधी एक चौकार जास्त बसला असता तर शंभर पूर्ण झाले असते. पण दोष सांगताना सगळं जग शेवटच्या शून्याकडेच बोट दाखवतं. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या आणि ब्रॅडमनच्याच ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. तिथे ‘कमीत कमी किती हवे होते’ हे सांगायला सरासरी लागत नाही. पोरांना ही गोष्ट आवडते, फक्त शेवट ऐकून ती चिडतात.

सरासरी आपल्याकडे परीक्षेसाठी आली नाही, खड्डे खणायला आली. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत खातव्यवहार म्हणून प्रकरण आहे. खड्डा वेडावाकडा आहे, तीन ठिकाणी मोजला. लांबी १०, ११, १२ हात. रुंदी ६, ५, ७ हात. खोली २, ४, ३ हात. तर घनहात किती? प्रत्येक मापाची बेरीज करायची आणि जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागायचं. अकरा, सहा आणि तीन. गुणाकार १९८. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे, म्हणजे हा हिशोब आपल्याच मुलखातला. त्यावर सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी टीका लिहिली. त्यात ते सांगतात की जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितकं हे मधलं माप खऱ्याच्या जवळ जाईल. मला हा खुलासा मूळ उदाहरणापेक्षा मोठा वाटतो. कारण खोली तीन हात म्हटली तरी एका जागी ती दोनच हात होती, एका जागी चार. तीन ठिकाणी न मोजता एकाच ठिकाणी मोजणाऱ्याला मजुरी दोनाची द्यायची की चाराची, हे त्याने काठी कुठे टेकवली यावर ठरलं असतं.

खड्डा झाला की मी पिकाकडे वळते, आणि मग वर्ग ऐकत नाही, बोलायला लागतो. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या घरी सोयाबीन असतं.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आपल्याकडे महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा गट, हा घटक धरतात. मंडळातली काही शेतं निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा चौकोन दोरी-खुंट्यांनी आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं. हा पीक कापणी प्रयोग. ताडपत्रीवरचं ते मूठपसा सोयाबीन काट्यावर चढतं तेव्हा भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या माना एकदम खाली वाकतात, ते ज्याने पाहिलंय त्याला सरासरी शिकवावी लागत नाही. अशा सगळ्या प्रयोगांवरून मंडळाचं हेक्टरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नाशी ताडून बघतात. उंबरठ्याच्या खाली गेलं तर भरपाई, नाहीतर नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरच आली. एकेकट्याच्या नुकसानीची सूचना देऊन पंचनामा करायची आधीची वाट मिटली.

समजा उंबरठा हेक्टरी साडेदहा क्विंटल आहे आणि दहा प्रयोग झाले. एकूण १०५ हवेत. नऊ ठिकाणी पावणेबारा-पावणेबारा क्विंटल उतरलं, म्हणजे १०५.७५. दहाव्या ठिकाणी कमीत कमी किती उतरलं तर मंडळ उंबरठ्याच्या वर राहील?

‘शून्य,’ औशाकडची ती मुलगी म्हणाली. पेन हातात नव्हतं तिच्या. मग थोड्या वेळाने, ‘आणि वढ्याकाठचं रान प्रयोगात निघालंच नाही तर?’

तर त्याचा आकडा हिशोबातच नाही. त्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही लागू नाहीत.

मागच्या बाकावरून कुणीतरी सरकारला एक शिवी हासडली. मी ती ऐकली नाही असं दाखवलं, पण हिशोब पुरा करायला लावला. प्रत्येक वावर मोजायचं म्हटलं तर माणसं कुठून आणायची, पीक वाळून जाण्याआधी ते व्हायचं कधी, आणि पंचनाम्यात कुणाचं वावर आधी येणार हे कुणाच्या ओळखीवर ठरणार? तिथेही अन्याय होतच होता, त्याला फक्त तोंड होतं. सरासरीला तोंड नाही, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही. मला स्वतःला दोन्ही रस्ते हवेत असं वाटतं: सरासरी मंडळासाठी आणि पंचनामा वढ्याकाठासाठी. पण माझ्या वाटण्याला कुणी विचारत नाही आणि तासाची वेळही संपत आलेली असते.

जाता जाता मी उलटा प्रश्न देते. तीच पाच संख्यांची वाटणी, सरासरी वीस, मोठी सव्वीस. आता सर्वांत लहान संख्या जास्तीत जास्त किती असू शकेल? चौऱ्याहत्तर उरलेत, चौघांना शक्य तितकं जवळजवळ बसवा: १७, १८, १९, २०. बरोबर चौऱ्याहत्तर. म्हणजे त्याच सरासरीत, त्याच सव्वीसच्या डोक्याखाली, शेवटचा माणूस दोनवरही असू शकतो आणि सतरावरही. जुन्या पेपरांच्या माझ्या गठ्ठ्यात दोनचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, सतराचा फारसा सापडत नाही.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात स्वतः रचलेलं एक उदाहरण आणलं. उंबरठा कसा ठरतो ते तिने घरी विचारून घेतलं होतं: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या सरासरीचे ७० टक्के. तिचे आकडे कल्पित होते, पण सोयाबीनचे शोभतील असे. सात वर्षांचं हेक्टरी उत्पन्न क्विंटलमध्ये: १५, १६, ५, १४, १५, ४, १५. चांगल्या पाचांची बेरीज ७५, सरासरी १५, उंबरठा १०.५. यंदाचं वर्ष हिशोबात आलं की सर्वांत जुनं १५ गळणार. प्रश्न: यंदा कितीही वाईट पिकलं तरी पुढचा उंबरठा कमीत कमी किती राहील?

वर्गाने आधी शून्य घालून पाहिलं. पण वाईट दोन वर्षं हिशोबातून आपोआप बाहेर पडतात, त्यामुळे शून्य आणि चार दोन्ही गेले आणि आजवर बाहेर असलेलं पाच आत आलं. १६, १५, १५, १४, ५. बेरीज ६५, सरासरी १३, उंबरठा ९.१. यंदा पाच पिकलं काय, शून्य पिकलं काय, याच्या खाली जात नाही.

‘दोन वाईट वर्षांचं विमा सोसतो,’ ती म्हणाली, ‘तिसऱ्यापासून आपल्या नावावर घालतो.’ मग तिने खडू घेऊन फळ्यावर १०.५ मधून ९.१ वजा केले आणि हेक्टरी एक क्विंटल चाळीस किलोचे यंदाच्या भावाने किती होतात ते मांडायला घेतलं.